मदत हवी आहे: जड रायफलचा धक्काच जास्त का लागतो?
दोन रायफली आहेत, दोन्ही बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने ओढायचा), .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या, काडतुसं एकाच खोक्यातली. एक रायफल ३.६ किलोची, दुसरी ४.५. गणिताने जड रायफलच्या धक्क्याची ऊर्जा २०% कमी हवी. पण तीच गालावर सणकून बसते, आणि १० गोळ्यांनंतर मी ट्रिगर दाबण्याआधीच दचकायला लागतो. हलकीचा काही त्रास नाही. रबर पॅड दोन्हींना सारखाच. कानात प्लग आणि वर मफ लावून पाहिले, खांद्याशी घट्ट धरून पाहिली, फरक नाही. झाडतो पालथं झोपूनच. एक गोष्ट मात्र खटकते: जड रायफलचा दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) नळीच्या रेषेपासून बराच खाली उतरतो, हलकीचा जवळपास सरळ आहे. मझल ब्रेकला (नळीच्या तोंडाशी बसवायचं, धक्का कमी करणारं साधन) परवानगी नाही, दस्ता कापायचा नाही. गालाखालचा भाग उंचावून हे थांबेल, की दस्त्याची लांबीच मला जुळत नाही? यातलं नेमकं कारण कसं ओळखायचं?