ओनोमाझो : नाव ठेवणं की नाव घेणं?

प्रश्न : 'ओनोमाझो' या प्राचीन ग्रीक क्रियापदाला मराठीत काय म्हणाल? माझ्या टिपणात नुसतं 'नाव ठेवणे' आहे. म्हणजे हे बारशाचं क्रियापद का?

- 'नाव ठेवणे' चूक नाही, पण तेवढ्या भांडवलावर होमर ('इलियड' आणि 'ओडिसी' या महाकाव्यांचा कवी) वाचायला घेतलात तर फसाल. तिथे ओनोमाझो म्हणजे बहुतेकदा नाव घेणं, नावानिशी बोलणं. 'ओडिसी'च्या १४व्या सर्गात डुकरं राखणारा युमायस दारी आलेल्या भिकाऱ्याला सांगतो की धनी इथे नसले तरी त्यांचं नाव घ्यायला (ओनोमाझेइन) मला संकोच वाटतो, मी त्यांना 'एथेइओस' म्हणतो. भिकारी म्हणजे वेश पालटलेला धनी ओडिसियसच, ही त्यातली गंमत. 'इलियड'मध्ये पॅरिस थोरल्या भावाला, हेक्टरला, याच शब्दाने हाक मारतो, तेव्हा एथेइओस म्हणजे जवळपास आपलं 'दादा'. 'अहो' आणि 'इकडून' यांवर संसार केलेल्या आज्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना युमायस समजायला टीप लागू नये.

'इलियड'च्या ९व्या सर्गात आणखी एक छटा आहे. ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन रुसलेल्या योद्ध्याला, अकिलीसला, काही भेटी लगेच देऊ करतो आणि पुढे द्यायच्या 'ओनोमाझो' करतो, म्हणजे एकेकीचं नाव घेऊन कबूल करतो.

प्रश्न : मग बाळाचं नाव ठेवायला काय?

- 'ओडिसी'च्या १९व्या सर्गात ओडिसियसचे आजोबा ऑटोलिकस लेकजावयाला म्हणतात, मी सांगतो ते नाव ठेवा. तिथे ओनोमाझो नाहीच. 'ओनोमा' (नाव) आणि 'तिथेमी' (ठेवणे) अशी सरळ जोडी आहे. ओनोमा हे संस्कृत नामन् शब्दाचं भावंड, तिथेमी हे धा धातूचं. म्हणजे 'नामधेय' याच जोडीतलं! मराठी 'ठेवणे' मात्र स्था धातूकडचं. कल्पना तेवढी तीच.

- थोडी दुरुस्ती. लूकच्या शुभवर्तमानात (६:१३) येशू बारा जणांना 'प्रेषित' हे नाव देतो, तिथे क्रियापद ओनोमाझोच आहे. तेव्हा 'नाव देणे' हा अर्थही खराच. इफिसकरांस पत्रात (५:३) अमंगळपणाचं तुमच्यात नावही निघू नये असं बजावलंय, तिथेही हेच. साधी हाक मारायला, बोलावणं धाडायला 'कालेओ'. नाव असण्यासाठीही ते चालतं.

प्रश्न : आणि अनुस्वार देऊन 'नावं ठेवणे'?

- तो अर्थ ओनोमाझोला नाही. पण ओडिसियसची बायको पेनेलोपी बघा. नवऱ्याला गिळून बसलेल्या इलियनला (म्हणजे ट्रॉयला) ती 'काकोइलियन' म्हणते, म्हणजे मेलं दुष्ट इलियन, आणि वर 'ऊक ओनोमास्तेन', नाव घेण्याच्याही लायकीचं नाही. नावं ठेवूनही झाली आणि नाव घेतलंही नाही.