मदत हवी आहे: प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला कसं शिकवू?

चारुता_म
आमच्या विभागातल्या प्राध्यापकांचं ऑनलाइन अध्यापनाचं प्रशिक्षण माझ्याकडे आलंय, पुढच्याच आठवड्यात. मागच्या वेळी बाहेरचे तज्ज्ञ येऊन बटणं दाखवून गेले. बटणं सगळ्यांना येतात हो! तरी तासाला स्लाइड वाचली जाते, समोर काळे चौकोन, 'कळलं का?' विचारलं की शांतता. नेमकं काय घेऊ? लवकर सांगा.

रानवारा
प्रशिक्षणाला वेळ किती? तास थेट असतात की रेकॉर्ड केलेले? वर्गात मुलं वीस की दोनशे?

गणितवेडा
रेकॉर्डच करायला लावा, छोटे तुकडे. गुओ, किम आणि रूबिन यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक वेळ ६ मिनिटांच्या वर गेला नाही.

सुमेधा
@गणितवेडा, ते खुले अभ्यासक्रम होते, कुणीही यावं, कधीही सोडावं. पदवीच्या मुलाला सिद्धता शेवटपर्यंत बघावीच लागते. व्याख्यान कापलं म्हणजे शिकवणं सुधारलं असं होत नाही.

गणितवेडा
नुसतं कापा कुठे म्हणतोय? प्रत्येक तुकड्यानंतर प्रश्न हवा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात, पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं.

नीलपंख
कॉलरला लावायचा माइक घ्या सगळ्यांना. लॅपटॉपच्या माइकात पंख्याचा आवाज फार येतो.

चारुता_म
माइक ठीक आहेत. @रानवारा, थेट तास, साठेक मुलं. मला तीन दुपार मिळाल्यात.

जुनी_फळा
चारुताताई, तीन दुपार पुष्कळ आहेत. पहिल्या दुपारी प्राध्यापकांनाच विद्यार्थी करा: आधी वाचून यायचं, मुदतीत चर्चेत लिहायचं, छोट्या गटात जाऊन काहीतरी तयार करून आणायचं. सूचना अर्धवट असली की गटात कसं अडकायला होतं, ते तिथे बसल्याशिवाय उमगत नाही. दुसऱ्या दुपारी प्रत्येकाने स्वतःचाच पुढचा एक तास नव्याने आखायचा. तिसऱ्या दुपारी त्यातली दहा मिनिटं इतरांपुढे शिकवायची, आणि अभिप्राय एकाच गोष्टीवर: या दहा मिनिटांत विद्यार्थ्याने काय केलं?
आणि 'कळलं का?' बंदच करा. प्रश्न टाका, सगळ्यांनी चॅटमध्ये उत्तर टाइप करून ठेवायचं, सांगितल्यावर एकदम पाठवायचं. लाजणारी मुलंही लिहितात.

कडक_शिस्त
एवढं कशाला? कॅमेरा सक्तीचा करा.

सुमेधा
मुळीच नको. कुणाच्या घरी वेगळी खोली नसते, कुणाचं नेट कॅमेऱ्याने तुटतं. चेहरा दिसला म्हणजे लक्ष आहे, हे कशावरून?

रानवारा
सुमेधाताईंना अनुमोदन. गिली सॅमन यांनी ऑनलाइन शिकण्याचे पाच टप्पे मांडलेत, त्यांत माहितीची देवाणघेवाण तिसरी येते. त्याआधी प्रवेश आणि एकमेकांची ओळख. आपण थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतो.

चारुता_म
@जुनी_फळा, हे जमेल, आजच कळवते सगळ्यांना. एक अडचण: विभागप्रमुख सर्वांदेखत दहा मिनिटं शिकवायला तयार होणार नाहीत. त्यांना वगळू?

जुनी_फळा
वगळू नका. आधी तुम्ही शिकवा आणि अभिप्राय त्यांना द्यायला सांगा.