मेरी शेलीची कादंबरी वाचायची की तिचं दुःख?

पंचवटीकर:
रविवारी नाशकात गंगापूर रोडला आमच्या वाचनगटात मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीवरून वाद झाला आणि अर्धवट राहिला. माझं म्हणणं असं, की गॉथिक, म्हणजे भय-गूढ कथा लिहिणारा लेखक ज्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळतो ती त्याच्या आयुष्यातली जखम असते. ती ठाऊक नसेल तर पुस्तक निम्मंच कळतं.

मेरीचा जन्म १७९७ चा. तिला जन्म देऊन आई अकरा दिवसांत बाळंतपणाच्या तापाने गेली. १८१५ मध्ये मेरीची स्वतःची मुलगी, दिवस भरायच्या आत जन्मलेली, दोन आठवडेही जगली नाही. त्यानंतर रोजनिशीत तिने एक स्वप्न लिहिलं: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीजवळ चोळल्यावर जिवंत झालं. पुढच्याच वर्षी तिने मेलेल्यात जीव ओतणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला घेतली. आणि तो व्हिक्टर, जीव ओतून झाल्यावर झोपतो तेव्हा त्याला काय दिसतं? कवेत घेतलेल्या होणाऱ्या बायकोचं, एलिझाबेथचं, मेलेल्या आईत रूपांतर होतं. हे नुसतं कल्पनेतून येत नाही हो.

तांबटलेन:
दादा, साफ अमान्य. १८१८ मध्ये पुस्तक निनावी आलं तेव्हा अनेकांना ते तिच्या नवऱ्याचं वाटलं. आता नाव तिचं आहे, तर श्रेय तिच्या दुःखाला. तिची बुद्धी कुठे गेली? १८०३ मध्ये लंडनला आल्दिनी या इटालियन शास्त्रज्ञाने फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेताला विजेचे झटके देऊन हातपाय हलवून दाखवले होते. असल्या प्रयोगांची चर्चा तिच्या घरात, मित्रांत चालायची. १८३१ च्या प्रस्तावनेत कथा कशी सुचली हे तिने स्वतः सविस्तर सांगितलंय. विजेचे प्रयोग आहेत, रात्रभराच्या गप्पा आहेत, भयाण स्वप्नही आहे. गेलेल्या लेकीचा शब्द नाही.

शिवाय तारखा बघा. कादंबरीत लहानग्या विल्यमचा खून होतो. तिचा स्वतःचा मुलगा विल्यम गेला १८१९ मध्ये, पुस्तक छापून झाल्यावर. अमेरिकन भयकथाकार एडगर अ‍ॅलन पो याचंही तेच. बायकोच्या तोंडातून रक्त आलं १८४२ मध्ये, आणि मरणाऱ्या, परतणाऱ्या बायका तो १८३५ पासूनच लिहीत होता.

पूर आला की आजी विचारायची, पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलंय? त्यावरून पाणी किती चढलं ते कळायचं. ते कुठून आलं हे कळायला वर गंगापूर धरणाकडे बघावं लागतं. तसंच, जखमेवरून दुःख किती ते कळेल, पुस्तक कुठून आलं ते नाही.

पंचवटीकर:
विल्यमचा मुद्दा मान्य, ताई. पण पोची आई १८११ मध्ये गेली, तो तीन वर्षांचाही नव्हता. बायको आजारी पडायच्या कितीतरी आधीची जखम आहे ती. आणि मेरीचंच पुढचं बघा ना. १८२२ मध्ये नवरा समुद्रात बुडाला. १८२४ मध्ये तिने रोजनिशीत स्वतःलाच ‘शेवटचा माणूस’ म्हटलं आणि १८२६ मध्ये ‘द लास्ट मॅन’ आली. साथीने जवळपास सगळी माणसं मरतात, शेवटी एकटा उरतो. हाही योगायोग?

तांबटलेन:
नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. पण एका पुस्तकाची किल्ली सगळ्या कुलपांना लावू नका. लहानपणी आई गेलेली मुलं थोडी नसतात. त्यांतला पो एकच का झाला, हे जखम सांगत नाही.

वॉर्डातली सिस्टर:
मी बावीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलं. बाळ गेलेल्या बायका हेच स्वप्न सांगतात. बाळ हललं, रडलं, दूध मागितलं. मेरीच्या रोजनिशीतल्या त्या ओळी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. त्या बायकांपैकी कुणी कादंबरी लिहिली नाही, म्हणजे तांबटलेनताई म्हणतात ती बुद्धी, ती मेहनत वेगळीच. ते मला पटतं.

पण ताई, तुम्ही सांगितलेल्या त्या १८३१ च्या प्रस्तावनेच्या शेवटी ती पुस्तकाला निरोप देते. तिथे ती त्याला पुस्तक म्हणत नाही. ‘माझं हिडीस अपत्य’ म्हणते, आणि जा, तुझं भलं होवो, असं सांगते.