एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट: माहीतगारांनी नेमकं लिहा

दिवाळीत आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत आपल्याकडचे बरेच गट खुंबूत, म्हणजे नेपाळमधल्या एव्हरेस्टच्या परिसरात, जातात. फोटो हवे तेवढे बघायला मिळतात. पण कुठल्या गावात दोन रात्री काढायच्या, पाणी कसं शुद्ध करायचं, डोकं दुखायला लागलं तर काय करायचं, हे एका जागी सापडत नाही. ज्यांना ही वाट ठाऊक आहे त्यांनी वर आपलं टोपणनाव लिहून भर घालावी, ही विनंती. प्रवासवर्णन नको, आकडे, कारणं आणि कुठे चुकतं ते हवं.

सह्यवाट

लुक्ल्यापासून सुरू करतो, विमानाने इथे उतरून चालायला लागायचं. तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, तीही सुमारे १२ टक्के चढाची. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. खोऱ्यात ढग भरले किंवा वारा सुटला की उड्डाणं थांबतात, आणि दुपारकडे हे बहुतेक रोजच होतं. त्यामुळे सकाळच्या अगदी पहिल्या फेऱ्यांचीच तिकिटं घ्या. गर्दीच्या हंगामात विमानं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. रस्त्याने ४-५ तास लागतात, म्हणजे मध्यरात्रीनंतर लगेच निघावं लागतं. सामान हातातल्या पिशवीसकट १५ किलो.

परतीला किमान दोन दिवस मोकळे ठेवा. लुक्ल्याहून परतायच्या दुसऱ्याच दिवशीचं मुंबईचं तिकीट काढून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

भारतीयांना विमानाने नेपाळात जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. आपल्या १ रुपयाला नेपाळी १.६० हा दर ठरलेला आहे. एटीएम लुक्ला आणि वाटेवरच्या नामचे गावात आहे, नामचेच्या पुढे सगळा व्यवहार रोखीने. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या शुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे, ओळखपत्र दाखवून ती मागून घ्या.

पायथा

मुक्काम ठरवताना किलोमीटर मोजू नका, रात्री किती उंचीवर झोपणार ते बघा. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच गावात काढावी. सगळं वेळापत्रक यावरच उभं असतं.

लुक्ला २८६० मीटर, फाकदिंग २६१०, म्हणजे पहिल्या दिवशी उतारच जास्त. अंगात ताकद असेल तर फाकदिंगला न थांबता मोंजोला (२८३५) जा, दुसरा दिवस हलका होतो. मोंजोला उद्यानाची चौकी आहे. पुढे दूधकोशी नदीवरचा उंच झुलता पूल ओलांडला की नामचेचा (३४४०) सलग ६०० मीटरचा चढ लागतो. सिंहगडाच्या पायवाटेइतकाच समजा, पण सिंहगडाच्या वेगाने चढलात तर नामचेत पहिल्याच संध्याकाळी डोकं धरतं.

नामचेत दोन रात्री. मधल्या दिवशी खोलीत लोळायचं नाही. खुमजुंगपर्यंत (३७९०) चढा, हिलरींच्या पुढाकाराने १९६१ मध्ये सुरू झालेली शाळा बघा आणि झोपायला खाली या. त्यानंतर तेंगबोचे (३८६७). आकडा लहान दिसतो, पण आधी फुंकी थांगापर्यंत ३२५० वर उतरायचं आणि मग ६०० मीटर चढायचं. तिथे लॉज मोजकेच आहेत, जागा नसेल तर पलीकडे थोडं उतरून देबोचेला जा. तिथे झाडी असल्यामुळे वाराही कमी.

दिंगबोचेत (४४१०) पुन्हा दोन रात्री. दगडी बांधांच्या आत बटाटा आणि जवाची शेतं असलेलं हे गाव. मोकळ्या दिवशी गावामागच्या धारेवर ४८०० पर्यंत जाऊन परत या. वेळ वाचवायला बरेच गट हीच रात्र कापतात, आणि त्याची किंमत लोबुचेत (४९४०) मोजतात. लोबुचेच्या वाटेवर, थुकला गावाच्या वरच्या खिंडीत, मोहिमांवर गेलेल्यांच्या स्मारकांच्या दगडी राशी आहेत. तिथे जरा शांतपणे थांबावं.

गोरक्षेप ५१६४. तिथून बेस कॅम्प (५३६४) दोन-अडीच तास, सगळा हिमनदीच्या कडेचा दगडगोट्यांचा रस्ता. एक गोष्ट घरूनच माहीत असू द्या: बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही, पुढ्यातल्या कड्यांआड जातो. तो बघायला काला पत्थरवर (सुमारे ५५५०) चढायचं. पहाटे सूर्य शिखराच्या मागून येतो, त्यामुळे फोटोत डोंगर काळा पडतो. मावळतीचं ऊन थेट माथ्यावर येतं. आकाश स्वच्छ असेल तर संध्याकाळ निवडा, पण उतरायला डोक्यावरची विजेरी आणि सोबत हवीच.

नाडी

मी डॉक्टर आहे, म्हणून फक्त तब्येतीचं लिहिते. बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. व्यायामाने यावर मात होत नाही. उलट दमसास चांगला असलेली तरुण मुलं भरभर चढतात आणि तीच आधी आजारी पडतात.

डोकेदुखी, आणि जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणं, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा, हे उंचीचं आजारपण आहे असंच धरून चाला. ‘पित्त झालंय’, ‘ऊन लागलंय’ म्हणून वर जाऊ नका. त्याच गावात थांबा. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर पुढे, नाहीतर खाली.

दोन खुणा मात्र थांबायचीही मुभा देत नाहीत. पहिली: बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर; फुप्फुसात पाणी साचत असतं. दुसरी: तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, मेंदूला सूज असते. जमिनीवर सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत चालायला सांगा. डुलत असेल तर रात्र असो वा बर्फ, माणसाला सोबत घेऊन खाली उतरवा. सकाळची वाट बघू नका. आजारी माणसाला एकट्याला कधीही पाठवू नका.

डायमॉक्स ही उंचीच्या आजारपणावरची गोळी अनेकजण घेतात. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच. बोटांना मुंग्या येणं आणि लघवी वाढणं अपेक्षित आहे, घाबरू नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू टाळा, दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो.

ऑक्सिमीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. गार बोटावर तो खोटं कमी दाखवतो. बोट चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा. आणि माणूस कसा दिसतोय याला आकड्यापेक्षा जास्त महत्त्व द्या.

दिंगबोचेजवळच्या फेरिचेत हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना असतो. विमा घेताना ६००० मीटरपर्यंतची उंची आणि हेलिकॉप्टर दोन्ही त्यात आहे का, ते पॉलिसीत स्वतः वाचा.

मेतकूट

जेवण: डाळभात मागा, पुन्हा वाढतात. नामचेच्या वर मांस टाळा. उद्यानाच्या हद्दीत जनावर कापत नाहीत, त्यामुळे ते खालून पाठीवर चढत येतं आणि किती दिवसांचं आहे ते कळत नाही. उंचीवर तोंडाची चव जाते. मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं यांची अर्ध्या किलोची शिदोरी न्या, चार घास जास्त जातात. ज्या लॉजमध्ये झोपाल तिथेच जेवा. खोलीचं भाडं कमी असतं ते जेवणाच्या हिशोबावर.

पाणी रोज ३-४ लिटर. क्लोरीनच्या गोळीला गार पाण्यात जास्त वेळ लागतो, पाकिटावर अर्धा तास लिहिला असेल तर तासभर ठेवा. लोबुचेच्या पुढे नळीच्या पिशवीत पाणी गोठतं, आणि आधी गोठते ती नळी. रुंद तोंडाची बाटली घ्या आणि बॅगेत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे बुडाशी. झाकण उघडं राहतं. रात्री तीच बाटली उकळत्या पाण्याने भरून, मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. पाय शेकतात आणि सकाळी न गोठलेलं पाणी हाताशी असतं. मोबाइल आणि बॅटरीही पांघरुणातच.

शेगडी फक्त जेवणघरात, तीही संध्याकाळी, याकच्या वाळवलेल्या शेणावर. ओले मोजे तेव्हाच वाळवून घ्या, खोलीत काही वाळत नाही.

टोकमा

वाट अरुंद आहे. खेचरं, झोप्क्यो (याक आणि गाईचा संकर) किंवा याक आले की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. भाराचा धक्का पुरेसा असतो. पुलावर जनावरं चढली असतील तर आपण अलीकडेच थांबायचं. मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.

हमाल डोको, म्हणजे वेताची टोपली, पाठीवर घेतात, त्याचा भार कपाळावरच्या नाम्लोवर (पट्ट्यावर) असतो. हातात टी आकाराची आखूड काठी दिसते, तिला टोकमा म्हणतात. दम खायला डोको खाली न ठेवता तिच्यावर टेकवतात, कारण जमिनीवरून पुन्हा उचलणं फार जड जातं. असा माणूस मागून आला तर वाट द्या, त्याची लय मोडू नका. दोघांत एक हमाल घेतलात तर दोघांचं मिळून २० किलोच्या आत ठेवा. निघण्यापूर्वी त्याच्या पायातले बूट, गरम कपडे, गॉगल बघा आणि विमा आहे का ते विचारा. नसेल तर ते करून घेणं तुमचं काम.

सह्यवाट

परतीचं राहिलं होतं. उतरताना उंचीची अडचण नसते, गुडघ्यांची असते. काठ्या लांब करा, बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा आणि आदल्या रात्री पायाची नखं कापा. नामचे ते लुक्ला एका दिवसात होतं, पण शेवटी लुक्ल्याचा चढ आहे, त्यासाठी दोन तास राखून ठेवा. लुक्ल्यात पोचल्यावर पहिलं काम अंघोळ नाही. दुपारीच लॉजवाल्याकडे तिकीट देऊन दुसऱ्या दिवशीची जागा पक्की करून घ्या.