मदत हवी आहे: ओट्यावरच्या उघड्या फळ्यांवर रोजची भांडी कशी लावावीत?

ओटाकट्टा

ओट्यावरची बंद कपाटं काढून तिथे तीन उघड्या फळ्या लावायच्या आहेत. मोकळी भिंत साडेपाच फूट. तिच्या डाव्या टोकाच्या पलीकडे फूटभरावर बर्नर, उजवीकडे सिंक. भिंत सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकची, वर टाइल. ओटा जमिनीपासून ३३ इंच, रोज वावरणारीची उंची ५ फूट १ इंच.

भांडी अशी: १२ इंची ६ स्टीलची ताटं, १२ वाट्या, ६ फुलपात्रं, ८ स्टोनवेअर (जाड चिनी मातीच्या) प्लेट, ६ बोल, ६ मग. शिवाय पितळेचे दोन डबे, तांब्या आणि छोटी कळशी.

फळीची खोली, दोन फळ्यांतलं अंतर आणि ब्रॅकेट यांची मापं हवी आहेत. दुसरं म्हणजे, हे सगळं भांड्यांच्या दुकानासारखं दिसू नये. आणि रोजच्या फोडणीत हे टिकतं का?

रंधा

आधी डावीकडचा फूटभर सोडून द्या. बर्नरपासून फळी निदान दोन फूट लांब हवी, नाहीतर पहिल्या दोन वाट्या कायम तेलकट. म्हणजे फळी उरली ५४ इंच.

तिसरी फळी नकोच. हिशेब बघा: ओटा ३३, त्यावर १८ इंच मोकळे सोडले की पहिली फळी ५१ इंचांवर. ताटं उभी ठेवायची तर वर १४ इंच हवेत, म्हणजे दुसरी ६५ वर. तिसरी जाणार ७५च्या पुढे. तिथलं भांडं काढायला स्टूल लागतं, म्हणून ते रोज निघत नाही, आणि रोज न निघणाऱ्या भांड्यावर महिन्याभरात चिकटा बसतो. १८ इंच ठरवण्याआधी मिक्सर भांड्यासकट मापून घ्या.

खोली १० इंच. बारा केली तर ओट्यावर वाकताना फळीची कड कपाळाला लागते. ताटं आडवी मावणार नाहीत, म्हणून ती भिंतीला टेकवून उभी करा. फळीवर भिंतीपासून ४ इंचांवर अर्धा इंच उंचीची लाकडी पट्टी मारली की खालून घसरत नाहीत.

प्लाय १८ मिमी, बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) म्हणजे आयएस ७१० शिक्क्याचा. तीन ब्रॅकेट: दोन्ही टोकांपासून ४ इंच आत एकेक, एक मधोमध. दोन ब्रॅकेटमध्ये २३ इंच राहतात. मधलं वाचवू नका. फुटामागे वजन तेवढंच ठेवून अंतर दुप्पट केलं की झोळ सोळापट होतो. ब्रॅकेटचे दोन हात असमान असतील तर लांब हात भिंतीवर, आखूड फळीखाली. घाईत बरेचदा उलटं लागतं आणि वरचा स्क्रू उपटून येतो.

ओटाकट्टा

सुतार म्हणतो नेहमीची ८ बाय ४० मिमीची गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात ती खुंटी) पुरेल. पुरेल का?

रंधा

नाही. टाइल आणि प्लास्टर मिळून साधारण २५ मिमी जातात, म्हणजे ४० च्या गिट्टीतले १५ मिमीच ब्लॉकमध्ये. वर सिपोरेक्स ठिसूळ. त्याच्यासाठी वेगळी गिट्टी मिळते, १० मिमी जाडीची आणि किमान ८० मिमी लांबीची बघा. टाइलला टाइलचं बिट, ड्रिलचा हॅमर बंद. ब्लॉकमध्येही बंदच ठेवायचा, नाहीतर भोक मोठं होतं आणि गिट्टी आत गोल फिरत बसते. भोक गिट्टीपेक्षा सेंटीमीटरभर खोल घ्या, आतली भुकटी फुंकून काढा. पाणसळ ब्रॅकेट लावायच्या आधी धरायची, नंतर नाही.

पंगत

दुकानासारखं दिसतं ते संख्येमुळे कमी, सरमिसळीमुळे जास्त. स्टील, चिनी माती आणि पितळ एका ओळीत एकाआड एक लावलं की झालं दुकान.

खालच्या फळीवर सगळं स्टील. ताटं सिंकच्या बाजूला, पट्टीमागे सहाच्या सहा. त्यांच्यापुढे काहीही ठेवायचं नाही. फोटोत पुढे वाट्या छान दिसतात, पण जेवायच्या वेळी आधी वाट्या हलवा मग ताट काढा, हे चार दिवस चालतं. वाट्या डावीकडे, सहा-सहाच्या दोन चळती, त्यांना लागून फुलपात्रं. भांड्यांची पुढची कड फळीच्या कडेपासून इंचभर आत एका रेषेत आली की निम्मा पसारा आपोआप दिसेनासा होतो. मधला फूटभर रिकामा सोडा, हात घालायला आणि डोळ्यालाही.

वरच्या फळीवर प्लेट आणि बोल मधल्या ब्रॅकेटच्या वर, कारण जड तेच. आठ प्लेटची एकच चळत नको, चार-चारच्या दोन. सहाही मग हुकाला टांगायचे असतील तर खालच्या फळीच्या तळाला टांगा, पण शेगडीकडच्या टोकाला नाही आणि मिक्सरवरही नाही.

पितळेपैकी दोनच वस्तू बाहेर. माझं मत: तांब्या आणि एक डबा. कळशी फळीवर ठेवली की बाकी सगळं तिच्यापुढे खुजं दिसतं.

घासणी

स्टोनवेअरच्या तळाचं कडं बिनग्लेझचं, खरखरीत असतं. चळतीत ते खालच्या प्लेटवर ओरखडे काढतं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून कड्यावरून फिरवा, धुवा आणि मग रचा. प्लेटवर स्टीलची वाटी ठेवू नका, ग्लेझवर शिशपेन्सिलीसारख्या करड्या रेघा उठतात.

स्टील ओलं रचलं तर चळतीत पाणी अडकून पांढरे डाग पडतात. ते क्षार असतात, लिंबाच्या सालीने जातात, साबणाने नाही. फुलपात्रं पुसून मगच पालथी. फळीवर प्लॅस्टिक किंवा वर्तमानपत्र अंथरू नका, खाली ओल धरते आणि झुरळांची सोय होते. फळीवर चिकटवायचा मायका गुळगुळीत घ्या. खरबरीत नक्षीच्या खाचांत बसलेला चिकटा कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानेही धड निघत नाही.

पितळ चिंच-मिठाने घासलं की लगेच खळखळून धुऊन कोरडं करायचं. आंबट तसंच राहिलं तर जस्त निघून जातं आणि वर तांबूस चट्टे राहतात. आत कल्हई असेल तर आतून चिंच नको, तारेची घासणी तर नकोच.

ओटाकट्टा

म्हणजे दोन फळ्या, ५४ बाय १०, ५१ आणि ६५ इंचांवर. पितळेला लॅकर (पारदर्शक वार्निश) मारून घेतलं तर घासायचं वाचेल का?

घासणी

नुसत्या शोभेच्या डब्याला बाहेरून चालेल. तांब्याला नको. रोज हाताळल्याने आणि धुण्याने लॅकर जागोजागी उडतं, मग तिथेच काळं पडतं आणि उरलेलं खरवडत बसावं लागतं. पाणी प्यायच्या भांड्याला आतून तर कधीच नाही.

रंधा

प्लायच्या चारही कडांना एज बँड (कड झाकणारी पट्टी) मारून घ्या, मागची कडसुद्धा. भिंतीकडची कड सुतार हमखास उघडी सोडतात आणि पुसताना पाणी तिथूनच शिरतं.