काळ्या मातीवर पाणी जिरवणारे पेव्हर चालतील का?

गंगापूररोडकर: नाशिकमध्ये सोसायटीचं पार्किंग पाणी जिरवणाऱ्या पेव्हरचं, म्हणजे सांध्यांतून पाणी खाली सोडणाऱ्या फरसबंदी ब्लॉकचं, करायचंय. खाली काळी माती. पावसाळ्यात पाणी जिरेल की तुंबेल? थंड देशांत बर्फाने असे ब्लॉक उखडत नाहीत का?

खडीकाम: काळ्या मातीत पाणी फार हळू मुरतं, शिवाय ती फुगते. म्हणून ते खडीत साठवून पाइपने बाहेर काढायचं. वरून खाली असे थर: ८० मिमी जाडीचे ब्लॉक, ५० मिमी जाड थर बारीक खडीचा, १०० मिमी जाड थर २० मिमी आकाराच्या खडीचा, तळाला ३०० मिमी जाड थर ४० ते ६० मिमी आकाराच्या खडीचा. खडीत साधारण ४० टक्के पोकळी धरा. म्हणजे तळाच्या थरातच १२० मिमी पाऊस मावतो. सगळी खडी धुतलेली हवी. तळाशी १०० मिमीचा भोकांचा पाइप शोषखड्ड्याकडे उतार देऊन टाका. इमारतीच्या पायालगत मात्र हे नकोच, निदान ३ मीटर सोडा.

साईटवरचा: कंत्राटदार सवयीने सांध्यांत कच (दगडाची भुकटी) किंवा वाळू भरतो. तिथेच काम बिघडतं! २ ते ६ मिमीची धुतलेली खडीच भरायची. बागेची माती वाहून येत असेल तर कडेला कर्ब, म्हणजे उंच कड, हवा. वर्षातून एकदा व्हॅक्यूमने सांधे साफ करून खडी पुन्हा भरा.

खडीकाम: बर्फाचं राहिलं. पाणी खडीतून निघून गेलं तर गोठून फुगायला उरतच नाही, त्यामुळे निचरा नीट असेल तर ब्लॉक सहसा उचलले जात नाहीत. वितळलेलं पाणी पुन्हा गोठण्याआधी खाली उतरतं, म्हणून बर्फ वितळवायला टाकतात ते मीठही कमी लागतं. घसरू नये म्हणून रस्त्यावर वाळू टाकतात ना, ती इथे चालत नाही, सांधे बुजतात.