जंतू मेले की संपलं? नाही ना!

कोणीतरी लिहिलंय की अँटिबायोटिकने जंतू मेले की विषय संपला. एंडोटॉक्सिन नावाच्या जंतूंच्या विषाच्या बाबतीत तसं नसतं हो. ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह (जिवाणूंचा एक मोठा गट) जंतूंच्या बाहेरच्या आवरणातच ते असतं, त्यामुळे जंतू फुटला की उलट जास्तच मोकळं होतं. आणि खरा गोंधळ घालते ती आपलीच इम्युन सिस्टीम! मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारं प्रथिन, असतो, त्याने एंडोटॉक्सिनमधला लिपिड ए हा भाग ओळखला की टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ असली सायटोकाइन्स, म्हणजे पेशींचे दाह पेटवणारे निरोप, धडाधड सुटतात, मग ताप, हुडहुडी, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर रक्तवाहिन्या सैल पडून बीपी कोसळतं, तोच सेप्टिक शॉक. (हा रिसेप्टर टीएलआर-४च आहे हे शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांच्या टीमने १९९८ मध्ये उंदरांवरून दाखवलं, २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यातूनच.)

बरं, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ डिग्रीला जंतू मरतात पण हे एंडोटॉक्सिन बेटं टिकतं, म्हणून इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या २५० डिग्रीच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास तापवतात. आतड्यात मात्र ढीगभर असूनही सहसा काही होत नाही, तिथलं अस्तर ते रक्तात फारसं जाऊच देत नाही.